लांब सायकल राइडला मांड्या घासणं, बूड दुखणं: सोलापूरच्या रायडर्सचे नेहमीचे प्रश्न

सकाळी सात रस्ता चौकात भेटलो की आपण टायरबद्दल बोलतो, गिअरबद्दल बोलतो, कुणी किती किलोमीटर मारले ते बोलतो, पण बुडाचा विषय निघाला की सगळे गप्प. नवीन आलेला मुलगा दोन रविवार येतो, तिसऱ्या रविवारी येत नाही, कुणी विचारलं तर म्हणतो काम निघालं. काम निघालेलं नसतं, त्याला बसता येत नसतं. मी स्वतः यातनं गेलोय म्हणून हे सगळे प्रश्न एकदाच लिहून ठेवतोय. जे विचारायला लाज वाटते तेच आधी घेतलंय.

घासतं म्हणजे नक्की काय होतं? सगळं दुखणं एकच असतं का?

नाही, आणि इथंच पहिली गल्लत होते. दुखणं तीन प्रकारचं असतं आणि तिन्हीवर उपाय वेगळे आहेत.

एक हाडाचं. बुडाखाली दोन्ही बाजूला बसायची दोन हाडं असतात, खुर्चीत बसून हात खाली घातला की लागतात. सुरुवातीला तिथं ठणकतं, दुसऱ्या दिवशी सीटवर टेकलं की आई गं होतं. हे नवीन माणसाला होणारच आणि जातं पण.

दुसरं कातडीचं. मांडी आणि बुडाची घडी, जांघ, सीटच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, लागणारी मांडीची आतली बाजू, इथं चरचरतं, लाल होतं, मग सोलवटतं. याची सवय होत नाही. मिनिटाला ८० पेडल धरले तर तासाला ४८०० वेळा ती मांडी सीटच्या कडेला घासून खाली जाते. अक्कलकोट जाऊन-येऊन चार तास धरले तर १९ हजारच्या वर. त्यात घामानं ओली झालेली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते, आणि घाम वाळला की मीठ उरतं, ते बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतं.

तिसरं बधिर होणं, मुंग्या येणं. त्यावर खाली वेगळं लिहिलंय, ते सोडू नका, वाचाच.

आपले रस्ते तर सपाट आहेत, मग घाटात चालवणाऱ्यांपेक्षा आपल्याला त्रास कमी व्हायला पाहिजे ना?

उलटं आहे. घाट आला की माणूस आपोआप सीटवरनं उठतो, उतार आला की पेडल थांबतात, बूड मोकळं होतं, रक्त फिरतं. मोहोळच्या रस्त्याला किंवा विजापूर रोडला लागलं की तासभर एकच गिअर, एकच बैठक, एकाच जागेवर दाब. समोरनं वारा असेल तर आपण अजून खाली वाकतो आणि वजन मागच्या हाडांवरनं सरकून पुढच्या नाजूक भागावर येतं. तुळजापूरला जाताना हिप्परगा तलाव मागं टाकून पुढं शेवटी घाट लागतो तिथं मला कायम बरं वाटायला लागतं, आधी कळायचं नाही का, चढ असून बरं कसं काय वाटतंय. उठून चालवत होतो म्हणून.

म्हणून सपाटीवर हे मुद्दाम करायचं: दर १०-१५ मिनिटांनी एक गिअर जड टाका, उभं राहा, १५-२० पेडल मारा, मग बसा. बसताना थोडं मागं-पुढं जागा बदलून बसा. स्पीडब्रेकर, खड्डा, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचा खडखडाट, या सगळ्यावर बूड उचललेलंच पाहिजे. विसरायला होत असेल तर घड्याळाला अलार्म लावा, त्यात काही कमीपणा नाही.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची का?

नाही. नाही म्हणजे नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पण इथंच, मी पण चुकलो.

माझी पहिली मोठी राइड पंढरपूर, जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. नवीन पॅडेड शॉर्ट्स घेतली होती आणि आत रोजची कॉटनची चड्डी, कारण आत काहीच न घालता बाहेर जायचं हे डोक्यातच बसत नव्हतं. जाताना काही नाही. विठोबाचं लांबनंच दर्शन घेऊन निघालो, परत येताना मोहोळच्या अलीकडं चरचरायला लागलं, केगावपर्यंत येईतो मी सीटवर एका बाजूला कलून बसत होतो. घरी आल्यावर बाथरूममध्ये कापड ओढलं तर ते कातडीला चिकटलेलं. मांडीच्या घडीत चड्डीच्या शिवणीची बरोबर तशीच रेघ, दोन बोटं रुंद, लालभडक, मधनं पाणी सुटलेलं. गरम पाणी पडलं तसं मिरची लागल्यासारखी आग झाली. आठवडाभर पालथा झोपलो, घरात सांगितलं पाठ दुखतीय. दोन महिने सायकलला हात लावला नाही.

आपण सोलापूरचे, कापडाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. टेरी टॉवेल पाणी का धरतो, तर कॉटन आणि वर ते लूप, पाणी शोषून आतच ठेवायचं हेच त्याचं काम. कॉटनची चड्डी त्याच जातीची आहे, घाम पिते आणि सोडत नाही. म्हणजे तुम्ही चार तास ओल्या टॉवेलवर बसून मांड्या हलवताय, वर त्याला इलॅस्टिक आणि जाड शिवणी. पॅडेड शॉर्ट्सचं कापड घाम बाहेर ओढून वाळवायला बनवलेलं असतं आणि पॅडला कातडीच्या बाजूनं शिवण येऊ देत नाहीत. मधे चड्डी घातली की ती सगळी मेहनत वाया.

लाज वाटत असेल तर वरनं सैल हाफ पँट घाला. गल्लीतनं निघताना बरेच जण घालतात, मी पण घालतो, हायवेला लागलं की काढून खिशात.

शॉर्ट्स घेताना काय बघायचं? जाड पॅड चांगलं का?

जाड म्हणजे चांगलं नाही. जाड मऊ पॅड दोन तासांनी चोळामोळा होतं आणि त्याच्याच घड्या टोचतात. घट्ट, दाबल्यावर परत वर येणारं, बसायच्या हाडांखाली येणारं पॅड पाहिजे. दुकानात नुसतं उभं राहून बघू नका, सायकलवर वाकतो तसं वाकून बघा, उभं असताना ती थोडी विचित्र आणि घट्ट वाटणारच. कुठं सुरकुती पडत असेल तर साइज मोठी आहे, एक नंबर कमी घ्या. सैल शॉर्ट्स घासतेच.

बिब म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली, ती जास्त चांगली कारण कंबरेला इलॅस्टिक काचत नाही आणि पॅड जागचं हलत नाही. पण लघवीला जाताना कटकट आणि महाग पण पडते. ५०-६० किलोमीटरसाठी साधी बास. तुमच्याकडं दोन हजार असतील तर एक भारी घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या, एक धुवायला एक घालायला, का ते खाली येईल.

आणि जुनी झालेली सोडवत नाही आपल्याला. पॅड दाबलं आणि चपटंच राहिलं, किंवा मागचं कापड उजेडात आरपार दिसायला लागलं, तर तिचा संपला काळ.

क्रीम लावायचंच का? व्हॅसलिन, खोबरेल तेल चालेल का?

तासाभराच्या राइडला गरज नाही. दोन तासांच्या वर आणि उन्हाळ्यात तर लावाच.

पूर्वी सायकलपटूंच्या शॉर्ट्समध्ये शॅमॉय नावाच्या डोंगरी बकरीसारख्या प्राण्याचं कातडं शिवलेलं असायचं. ते धुतलं की कडक व्हायचं, म्हणून त्याला मऊ करायला क्रीम चोळायचे, त्यावरनं शॅमॉय क्रीम हे नाव. आता पॅड स्पंजचं आहे पण नाव तेच राहिलं. आता ते क्रीम कातडीसाठी.

व्हॅसलिन चालतं, स्वस्त आहे, टिकतं पण चांगलं. एकच अडचण, कापडातनं लवकर निघत नाही, पॅडमध्ये बसतं आणि हळूहळू पॅड घाम ओढायचं बंद करतं. व्हॅसलिन वापरत असाल तर कातडीलाच लावा, पॅडला फासू नका, आणि शॉर्ट्स कोमट पाण्यात साबणानं दोनदा धुवा. खोबरेल तेल थंडीच्या दिवसात सकाळी घट्ट असतं तेवढंच, आपल्याकडं बाकी वर्षभर पातळच, ते कातडीत जिरतं, कापडात उतरतं, तास-दीड तासात संपलं. नसण्यापेक्षा बरं. लांबच्या राइडला त्याच्या भरवशावर राहू नका. लहान बाळाला लंगोट लागल्यावर लावतात ते झिंक ऑक्साइडचं पांढरं क्रीम मला फार आवडतं, घट्ट थर बसतो. कपड्याला पांढरं लागतं ते लागू दे.

कैलास जीवन घरोघरी असतं त्यामुळं तेही विचारतात. त्यात कापूर आहे, त्याचा थंडावा छान वाटतो, मी राइडनंतर भाजल्यासारखं वाटतं तेव्हा लावतो. पण कातडी सोलली असेल तर नको, झोंबतं. मेंथॉलवाली क्रीमं पण आधी घरी थोडी लावून बघा, काही जणांना नाजूक जागी सहनच होत नाहीत.

कुठं लावायचं: जांघेची घडी, मांडीची आतली वरची बाजू, बूड आणि मांडी मिळते ती रेघ, आणि बसायच्या हाडांवर. हात स्वच्छ धुवून. डबी एकमेकांना देऊ नका, चांगल्या मनानं दिली तरी. छोट्या डबीत आपलं आपलं काढून खिशात ठेवा, तीन-चार तासांनी परत लावावं लागतं.

पावडर?

कोरडी असेपर्यंत छान, घाम आला की तिचा चिखल होतो, मग गोळे होतात आणि तेच घासतात. राइडनंतर अंघोळ करून लावायची तर लावा. राइडच्या आधी नको.

सीटवर जेल कव्हर किंवा टॉवेल गुंडाळला तर?

हे आपल्याकडचं जुनं आहे, मिलला सायकलवर जाणारे लोक सीटवर फडकं बांधायचे, आणि ते चुकीचं नव्हतं. ती सायकल वेगळी, हँडल उंच, माणूस ताठ बसायचा, सीट रुंद आणि स्प्रिंगची, अंतर चार-पाच किलोमीटर. आपण वाकून ५० किलोमीटर जातो. मऊ गादीत हाडं आत रुततात आणि मग हाडांच्या मधला जो भाग आहे, जिथं नसा आणि रक्तवाहिन्या आहेत, त्याच्यावर गादी वर येऊन दाबते. वर कव्हर सरकतं, त्याची कड मांडीला घासते. टॉवेलचं तर विचारूच नका, त्याची घडी सुटली की संपलं.

१० किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्यानं खुशाल घालावं. लांबच्या राइडला काढून ठेवा.

सीट कशी पाहिजे आणि कशी सेट करायची?

माझं मत विचाराल तर पैसे क्रीमवर घालायच्या आधी इथं एक तास घाला, फुकट आहे.

आधी उंची. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवा. पाय बरोबर सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो पाहिजेच. सीट जास्त वर असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी झुलते आणि ते झुलणं म्हणजेच घासणं. मागनं मित्राला व्हिडिओ काढायला सांगा, शॉर्ट्सची मागची शिवण डोलताना दिसली तर सीट ५ मिलिमीटर खाली घ्या, परत बघा. एका बाजूलाच घासत असेल तर बरेचदा कारण हेच, किंवा सीट सरळ नाहीये, किंवा एक पाय थोडा लांब आहे.

मग तिरकेपणा. सीट सपाट ठेवा, मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप सीटवर ठेवून बघता येतं. नाक वर असेल तर पुढं दाब येतो. लोक मग घाबरून नाक एकदम खाली करतात, आणि मग माणूस सारखा पुढं घसरतो, हातानं मागं ढकलतो, तळहात बधिर आणि मांड्या पण घासलेल्या. एक-दोन डिग्री खाली चालतं, त्याच्यावर नको.

मग रुंदी. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उचला, पुढं वाका, दाबा, उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. त्यात २०-२५ मिलिमीटर मिळवले की साधारण सीटची रुंदी कळते. समजा १२० आलं तर १४०-१४५ ची सीट. माणसाचं वजन किती, बूड किती मोठं दिसतं याचा आणि त्या हाडांच्या अंतराचा फार संबंध नसतो, म्हणून जाड माणसाला रुंद सीट हे दुकानातलं गणित बरेचदा चुकतं. जास्त रुंद सीट मांडीला कडेनं घासते.

हे सगळं एकाच दिवशी बदलू नका हां. एक गोष्ट बदला, दोन राइड करा, मग पुढची. आणि बदलायच्या आधी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर, जुन्या उंचीला टेप चिकटवा, म्हणजे परत येता येतं.

राइडमध्ये पुढचा भाग सुन्न होतो. चालेल का?

नाही चालणार. याची "सवय" करून घेऊ नका. दोन पायांच्या मधे जी नस आणि रक्तवाहिनी जाते तिच्यावर दाब आला की हे होतं. लगेच उभं राहून चालवा, नाही गेलं तर थांबा, चाला. मग घरी येऊन सीटचा तिरकेपणा, उंची, हँडल फार लांब किंवा फार खाली आहे का ते बघा. मधे कट असलेल्या सीटनं बऱ्याच जणांना फरक पडतो. उतरल्यावर पण तास-दोन तास सुन्न राहत असेल, लघवीला त्रास होत असेल किंवा पुरुषांना लैंगिक ताठरतेत फरक जाणवत असेल तर राइड बंद आणि डॉक्टर. मित्रांना सांगू नका हवं तर, डॉक्टरला सांगा.

एप्रिल-मेमध्ये काय करायचं?

पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा पहाटे साडेचार-पाचला निघून नऊच्या आत घरी, हे तर आहेच. आपली उन्हाळी हवा कोरडी, घाम दिसत नाही कारण लगेच वाळतो, पण काळ्या शॉर्ट्सवर पांढरे नकाशे उमटतात बघा, तेच मीठ आतल्या बाजूला पण असतं.

एक चूक सगळे करतात. गरम झालं की बाटली डोक्यावर ओततात, पाणी पाठीवरनं सरळ खाली शॉर्ट्समध्ये. पॅड भिजलं की पुढचे दोन तास ओल्यावर बसायचं. ओतायचंच तर थांबून, पुढं वाकून, मान आणि हात भिजवा. पावसात भिजलात तर इलाज नाही, तिथं घट्ट थराचं क्रीमच कामाला येतं.

पाणी पीत राहा. पाणी कमी म्हणजे घाम अजून खारट असं काही जण सांगतात, त्या वादात मी पडत नाही. पाणी कमी पडलं की माणूस थकतो, थकला की सीटवर पोत्यासारखा बसतो, उभं राहायचं बंद करतो आणि घासायला तिथनं सुरुवात होते, एवढं मी बघितलंय.

राइडनंतर लगेच काय करायचं?

शॉर्ट्स काढायची. लगेच. टपरीवर चहा, मग गप्पा, मग अजून एक चहा, असं तासभर ओल्या पॅडवर बसणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. गाडीनं आला असाल तर सैल पायजमा बरोबर ठेवा. घरी साध्या साबणानं अंघोळ, चोळून नाही, आणि टॉवेलनं टिपून कोरडं करायचं, घासून नाही. मग सैल कॉटनचं काहीतरी, लुंगी सगळ्यात भारी.

शॉर्ट्स प्रत्येक राइडनंतर धुवायचीच, "आज थोडंच चालवलं" असं काही नसतं. थोड्या साबणानं, उलटी करून, भरपूर पाण्यात खळबळून, कारण साबण राहिला तर तोही खाजवतो. कपड्याला मऊपणा आणायचं जे लिक्विड असतं ते नको, त्यानं कापड घाम ओढायचं सोडतं. आणि वाळवताना पॅड वर करून उन्हात, सोलापुरात ऊन ही एक गोष्ट आपल्याकडं भरपूर आहे. बरेच जण लाजेनं ती शॉर्ट्स आतल्या खोलीत दोरीवर टॉवेलखाली वाळत घालतात, ती वरनं वाळते पण पॅड आतनं दमट राहतं. गच्चीवर घाला. अर्धवट वाळलेली घालू नका, म्हणून दोन पाहिजेत म्हटलं.

सगळं करून घासलंच, आता?

नुसतं लाल असेल तर धुवून कोरडं ठेवा, रात्री झिंकवालं क्रीम किंवा व्हॅसलिनचा पातळ थर, दोन-तीन दिवस सायकल नाही. कातडी निघाली असेल तर साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायचं, वर व्हॅसलिनचा थर देऊन चिकटत नाही अशी ड्रेसिंग मेडिकलमधनं आणून लावायची. अँटिसेप्टिक लिक्विड तसंच्या तसं ओतू नका, नवीन येणारी कातडी पण जळते. हळद, टूथपेस्ट, लिंबू, हे सगळं लोकांनी लावलेलं मी ऐकलंय, नका हो लावू. नवी कातडी गुलाबी, पातळ असते, दिसायला बरी झाली तरी अजून दोन दिवस थांबा, नाहीतर तीच जागा परत जाते.

गाठ आलीय, फोड आलाय. फोडू का?

फोडू नका. केसाच्या मुळाशी जंतू गेले की आधी पुळी, मग केसतोड, मग गळू. दाबलं की पू आत अजून खोल जातो. दिवसातनं तीन-चार वेळा कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं १० मिनिटं धरायचं, सायकल बंद. लहान असेल तर चार-पाच दिवसात बसतं. वाढत असेल, भोवती लाली पसरत असेल, ताप असेल, किंवा तुम्हाला डायबेटिस असेल तर एक दिवस पण वाट बघू नका, डॉक्टरकडं जा. डायबेटिसवाल्यांना मी हात जोडून सांगतो, साधं घासलेलं पण हलकं घेऊ नका.

"एवढ्याशा फोडासाठी राइड सोडायची?" असं वाटतं. आयर्लंडचा शॉन केली, १९८७ सालची स्पेनची व्हुएल्टा शर्यत, सगळ्यात पुढं होता, संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि बुडाच्या गळवामुळं त्याला शर्यत सोडावी लागली. कोलंबियाचा लुइस हेरेरा जिंकला. केलीनं पुढच्या वर्षी, १९८८ ला, येऊन तीच शर्यत जिंकली. त्याच्याएवढा दणकट माणूस थांबला, आपली अक्कलकोटची रविवारची राइड आहे.

जांघेतले केस काढावेत का?

रेझर नको. उगवताना टोचतात, आत वळतात, आणि मग वरचा प्रश्न. फार वाढले असतील तर कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक करा, राइडच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री नाही.

घासलंय का गजकर्ण झालंय, कसं ओळखायचं?

घासल्याची आग होते, गजकर्णाची खाज येते. घासलेलं जिथं सीट किंवा शिवण लागते तिथंच असतं आणि सायकल बंद केली की कमी होतं. गजकर्ण गोल गोल पसरतं, कडा थोडी उचललेली आणि लाल, मधला भाग बरा दिसतो, सायकल बंद केली तरी वाढत जातं. आपल्या उन्हाळ्यात आणि घामात ते फार लवकर धरतं.

हे लक्षात ठेवा, मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणू नका. त्या तीन-चार औषधं एकत्र केलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, माणूस खूश, आणि आतनं बुरशी वाढत राहते, परत येते ती दुप्पट आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. कातडीच्या डॉक्टरला दाखवा आणि सांगितलेले दिवस पूर्ण करा, खाज थांबली तरी.

बायकांसाठी काही वेगळं?

हे माझ्या बायकोनं सांगितलेलं लिहितोय, ती पण राइड करते. लेडीज पॅड वेगळं असतं, नवऱ्याची किंवा भावाची शॉर्ट्स घालून चालवू नका, शिवण चुकीच्या जागी येते. बसायच्या हाडांमधलं अंतर बायकांत साधारण थोडं जास्त असतं म्हणून सायकलबरोबर आलेली अरुंद सीट आधी मोजून बघा. पुढच्या भागावर दाब, सूज येत असेल तर मधे कट असलेली सीट आणि हँडल थोडं वर.

लेगिंग घालून बऱ्याच ताया चालवतात, तिची मधली शिवण बरोबर नको तिथं येते, त्यापेक्षा पॅडेड शॉर्ट्स आणि त्यावर लेगिंग किंवा कुर्ता. पाळीत सॅनिटरी पॅडच्या कडा फार घासतात, ज्यांना जमतं त्यांना मेन्स्ट्रुअल कप सोयीचा पडतो, नाहीतर त्या दिवसात छोटी राइड आणि कडेला क्रीम. सुगंधी वाइप्स, सुगंधी साबण त्या जागी नको.

आम्ही कोजागरीला तुळजापूरला चालत जातो, तिथं पण मांड्या लागतात. हेच चालेल का?

चालेल, बहुतेक सगळं. पंचेचाळीसेक किलोमीटर चालायचं, रात्रभर घाम, सुती पायजमा ओला. जांघेत आधीच व्हॅसलिन लावून निघा आणि मांडीला घट्ट बसणारी, कॉटन नसलेली लांब पायाची शॉर्ट्स आत घाला. पॅडवाली नको चालायला.

बुडाला सवय व्हायला किती दिवस? मला २०० ची ब्रेवे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) करायचीय.

हाडांचं दुखणं आठवड्यातनं तीन-चार वेळा चालवलं तर तीन-चार आठवड्यात बरंच कमी होतं. रविवारीच एकदम ८० मारणाऱ्याला दर रविवारी नव्यानं दुखतं. मंगळवार-गुरुवारी विजापूर रोडला २०-२० मारा, रविवारी ४०, मग ६०, मग १००.

२०० किलोमीटरच्या ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे सीटवर दहा तास तरी. पाय तयार असतात लोकांचे, बूड नसतं. नवीन शॉर्ट्स, नवीन सीट, नवीन क्रीम यातलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही, आधी १०० ला वापरून बघितलेलंच. पाठीवर जड बॅग नको, सगळं वजन बुडावर येतं, सामान सायकलला लावा. टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नका, टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी ठेवली तर खराब रस्त्यावरचे धक्के बरेच कमी होतात. आणि प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, उतरलं की दोन मिनिटं चाला, आडोसा बघून क्रीम परत लावा.

राइडच्या मधेच घासायला लागलं आणि घर ६० किलोमीटर लांब, तर?

पहिलं चरचरलं तिथंच थांबा, "पुढच्या गावाला बघू" नको. धाबा, पेट्रोल पंप, जिथं आडोसा आणि पाणी मिळेल तिथं. ती जागा पाण्यानं धुवा म्हणजे मीठ जाईल, रुमालानं टिपा, पाच मिनिटं वारं लागू द्या, मग क्रीमचा जाड थर. क्रीम नसेल तर गावातल्या किराणा दुकानात व्हॅसलिनची छोटी डबी मिळतेच. शॉर्ट्सची घडी पडलीय का, पॅड एका बाजूला सरकलंय का बघून नीट ओढून घ्या. चड्डी घातली असेल तर आत्ता काढा. मग बसायची जागा बोटभर मागं किंवा पुढं करा, म्हणजे घासायची रेघ बदलते, आणि दर पाच मिनिटांनी उभं राहा.

एवढं करूनही आग वाढतीय किंवा कापडाला रक्त दिसतंय तर राइड तिथंच संपली. घरी फोन करा, नाहीतर सोलापूरकडं येणाऱ्या टेम्पोला हात करा, बरेच जण घेतात. सायकल मागं आडवी टाकताना गिअरची बाजू वर राहील तेवढं बघा, आणि तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसायच्या आधी ओली शॉर्ट्स बदलून घ्या.